नगरपालिकेतून विधिमंडळाकडे : वसंतराव नाईक आणि जिल्हा परिषदेची घडण

राजकीय चरित्रलेखनात स्थानिक स्वराज्य संस्थांतील कालखंड बहुधा प्रस्तावनेपुरता येतो. नायक नगरपालिकेत निवडून येतो, दोन परिच्छेदांत तो काळ संपतो आणि पुढच्या प्रकरणात तो विधानसभेत पोहोचलेला असतो. वसंतराव नाईक (1913-1979) यांच्या बाबतीत ही मांडणी विशेष अपुरी पडते.

गहुली येथील बंजारा कुटुंबात जन्मलेले नाईक पेशाने वकील. 1946 मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले व 1952 मध्ये मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून आले. घरी गोरमाटी बोलणारा हा मराठी आमदार ज्या विधिमंडळात बसला ते हिंदी व मराठी भाषकांचे संमिश्र राज्य होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. 1956 मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. मतदार तेच, राज्ये मात्र तीन! भाषिक पुनर्रचनेचा इतिहास एका लोकप्रतिनिधीच्या वाटचालीत इतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

नव्या राज्यात महसूलमंत्री असताना लोकशाही विकेंद्रीकरण समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. समितीने मार्च 1961 मध्ये 226 शिफारशींचा अहवाल दिला. अडचण वारशाची होती. विदर्भात 1948 च्या कायद्याने आलेल्या, तहसील पातळीवरच्या जनपद सभा होत्या, जुन्या मुंबई राज्यात जिल्हा लोकल बोर्डे होती, तर मराठवाड्यामागे हैदराबाद संस्थानाची परंपरा होती. बलवंतराय मेहता समितीने (1957) गटपातळीवर भर दिला होता. तिच्या कल्पनेत जिल्हाधिकारी हाच जिल्हा परिषदेचा अध्यक्ष असून आमदार-खासदार तिचे सदस्य असत. नाईक समितीने जिल्हा हाच प्रमुख घटक मानला, जिल्हाधिकाऱ्यास परिषदेबाहेर ठेवले आणि आमदार-खासदारांनाही तेथे स्थान दिले नाही. जनपदाच्या प्रदेशातून आलेल्या अध्यक्षाने तहसीलऐवजी जिल्हा निवडावा, याची दखल अभ्यासकांनी पुरेशी घेतलेली नाही. आमदारास वगळण्याचा निर्णय तर आमदारांच्याच सभागृहाने संमत करावयाचा होता. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.

5 डिसेंबर 1963 रोजी नाईक मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी 1975 पर्यंत त्या पदावर राहिले. 1972 च्या दुष्काळातील रोजगाराची कामे, संकरित बियाणे यांविषयी विपुल लिहिले गेले आहे. येथे पुनरुक्ती नको. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस मात्र जिल्हा नियोजन व विकास मंडळे स्थापन झाली. त्यांचे अध्यक्षपद मंत्र्याकडे राहिले, आणि नियोजनाचे सूत्र निर्वाचित जिल्हा परिषदेकडून राज्य शासनाकडे सरकू लागले. याला परिस्थितीची निकड म्हणता येईल. माझ्या मते मात्र त्यात नगराध्यक्षावर मुख्यमंत्र्याने केलेली मात आहे. 1961 च्या अहवालाचे तर्कशास्त्र या व्यवस्थेला आधार देत नाही.

अधिकार आटले तरी शिडी टिकली. आमदाराला दार बंद केलेल्या त्याच संस्थेने पुढे आमदार घडवले. बाभळगावच्या सरपंचपदापासून सुरुवात करणारे विलासराव देशमुख 1999 मध्ये मुख्यमंत्री झाले; आर. आर. पाटील 1979 पासून 1990 मध्ये आमदार होईपर्यंत सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य होते. मराठीतील गाजलेल्या राजकीय कादंबरीचे, अरुण साधूंच्या ‘सिंहासन’चे (1977), केंद्र मात्र मुंबईतील सत्तेचे दालन हेच राहिले.