कागदाने अडणारा किरण

आमच्या सोलापुरात गाड्यांच्या नंबरपाट्या करून देणारे दुकानदार चमकत्या चिकटपट्टीला आजही ‘रेडियम’ म्हणतात. तीत रेडियमचा कणसुद्धा नसतो. पण एके काळी रात्री चमकणाऱ्या घड्याळांच्या काट्यांवर खरोखरीचे रेडियम असे, त्या काळाची खूण म्हणून हे नाव लोकांच्या तोंडी राहिले आहे. दिवाळीत घरोघर उजेडाची पूजा चालते. अशा वेळी त्या एका उजेडाची, आणि त्यामागे दडलेल्या किरणाची हकीकत वाचकांना सांगावी असे मनात आले. आपल्या मराठी मुलखाचाही तिच्याशी संबंध आहे.

क्यूरी पतिपत्नींनी १८९८ साली रेडियम शोधले. पुढल्याच वर्षी रदरफर्ड ह्यांनी अशा पदार्थांतून निघणाऱ्या किरणांपैकी एका जातीला ‘अल्फा’ हे नाव दिले. खरे पाहता हा किरण नव्हेच. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन ह्यांचा तो एक जडसा गोळा, म्हणजे हेलियमच्या अणूचा गाभा. हवेत काही सेंटिमीटर गेला की तो थकतो. साध्या कागदाने अडतो. आपल्या कातडीच्या वरच्या मृत थराच्या पलीकडे जात नाही. मग ह्याची भीती ती कसली? पण वाचकहो, दाराबाहेरचा चोर कडीने अडतो. घरात शिरलेल्या चोराला कडीचा काय उपयोग?

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज गावी १९१७ पासून कोवळ्या वयाच्या मुली घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग भरीत. टोक बारीक राहावे म्हणून कुंचला ओठांत धरण्याची त्यांना शिकवणच होती. प्रत्येक वेळी थोडे रेडियम पोटात जाई. रासायनिक गुणाने रेडियम कॅल्शियमचे भावंड. शरीराने त्याला चुना समजून हाडांत नेऊन ठेवले. सोळाशे वर्षांत जेमतेम निम्मे होणारा हा पदार्थ तिथे बसून रात्रंदिवस अल्फा कणांचा मारा करू लागला. कुणाचा जबडा सडला, कुणाचे रक्त आटले, कुणाच्या हाडांना कॅन्सर झाला. डॉ. हॅरिसन मार्टलंड ह्यांनी १९२५ साली ह्या रोगाचे मूळ उघड केले, आणि १९२८ साली पाच जणींच्या दाव्यात तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. किरणांची परीक्षा घ्यायला दुसरी जागा नव्हती, म्हणून त्या मुलींची हाडेच प्रयोगशाळा झाली होती!

ही परीक्षा माणसावर न होता काचेत व्हायला हवी होती. १९३२ साली रेमंड झर्कल ह्या शास्त्रज्ञाने नेच्याचे बीजाणू घेतले. त्यांत पेशीचे केंद्रक मध्यभागी नसून एका कडेला असते. पोलोनियममधून निघणारे अल्फा कण एकदा केंद्रकाच्या बाजूने आणि एकदा उलट बाजूने सोडून त्यांनी दाखवले, की केंद्रकाला लागलेला घाव फार भारी पडतो. पण नेचा म्हणजे माणूस नव्हे. माणसाची पेशी शरीराबाहेर टिकवायची कशी, हे कोडे १९५१ साली बाल्टिमोर येथे जॉर्ज गे ह्यांच्या प्रयोगशाळेत सुटले. हेन्रिएटा लॅक्स ही पाच लेकरांची निग्रो आई गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर तिथल्या इस्पितळात रेडियमचेच उपचार घेत होती. तिला न विचारता घेतलेल्या पेशी काचेत वाढतच राहिल्या. ती मात्र त्याच वर्षी वारली. १९५६ साली पक आणि मार्कस ह्यांनी तिच्याच पेशींवर क्ष-किरण सोडून, किती मात्रेला किती पेशी जगतात ह्याचा पहिला आलेख काढला.

ही पेशी वाढवण्याची विद्या भारतात आणली ती पुण्याच्या एका लेकीने. कमल समर्थ ह्यांचा जन्म १९१७ चा. वडील फर्गसन कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापक. सीताफळाच्या कुळातील गुणसूत्रांचा अभ्यास करून त्यांनी एम. एस्सी. केले. लग्नानंतर रणदिवे होऊन त्या मुंबईस आल्या, आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या हाताखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळवून थेट गे ह्यांच्या प्रयोगशाळेत शिकायला गेल्या. परत आल्यावर परळच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. पेशींना रोज खाऊपिऊ घालायचे, ऊब द्यायची, जंतूंपासून जपायचे. बाळंतघरापेक्षा हे काम कमी नाही. पण अशा प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, म्हणूनच किरणांना जाब विचारता येऊ लागला.

पेशींनी दिलेले उत्तर सोलापूरकराला चटकन उमगावे. पेशीतला डीएनए म्हणजे दुपदरी सूत. क्ष-किरणाने बहुधा एकच पदर तुटतो. दुसऱ्याच्या आधाराने पेशी तो सांधते, जसा आमचा पद्मशाली विणकर मागावर तुटलेला धागा जोडतो. अल्फा कण वाटेत इतकी दाट मोडतोड करतो, की दोन्ही पदर जवळजवळ एकाच जागी तुटतात. मग सांधायचे कशाच्या आधाराने? क्ष-किरणांच्या थोड्या मात्रेतून पेशी सावरतात. अल्फापुढे अशी सवलत जवळजवळ नाही, हे हॉलंडचे बारेंडसेन ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात दाखवले. त्याहून नवल १९९२ सालचे. नागासावा आणि लिटल ह्यांच्या प्रयोगात शेकडा एकाहून कमी पेशींच्या केंद्रकातून अल्फा कण गेला, पण गुणसूत्रांतले फेरफार शेकडा तीस पेशींत दिसले! शेजारच्या घरचे दुःख पेशींनाही लागते म्हणावयाचे. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणु संशोधन केंद्रातही अमेरिशियमचे अल्फा कण पेशींवर सोडून हा अभ्यास झाला आहे.

ही विद्या काचेतच राहिली असे मात्र नाही. आमच्या जिल्ह्यातील बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात खेड्यापाड्यांतून बायाबापड्या किरणोपचाराला येतात. तिथे वापरतात ते किरण अल्फा नव्हेत. पण मात्रा एकदम न देता दिवसादिवसांनी का वाटून द्यावी, हे शहाणपण काचेतल्या पेशींनी पक्के केले. आणि २०१३ साली अमेरिकेत एक औषध मंजूर झाले: रेडियम-२२३. अर्धे व्हायला त्याला साडेअकरा दिवससुद्धा पुरतात. पुरुषस्थग्रंथीचा कॅन्सर हाडांत पसरला की ते टोचतात. चुना समजून हाड त्याला जवळ करते, आणि त्याचे अल्फा कण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आतच रोगी पेशींचा समाचार घेतात.

ज्या गुणाने ऑरेंजच्या मुलींचे प्राण घेतले, तोच गुण आज रोग्याचे आयुष्य वाढवतो. रेडियम बदलले नाही. माणसाने त्याचे मोजमाप शिकून घेतले. ह्या दिवाळीत पणती लावताना त्या मुलींची, हेन्रिएटाची आणि आपल्या कमलताईंची आठवण काढायला हरकत नाही.