वॉरंटी संपल्यानंतर लॅपटॉप बिघडला तर

आपल्याकडे पुष्कळ घरांत मुलगा किंवा सून पुण्या-इंदूरला नोकरीला, आणि त्यांनी ठेवून गेलेला लॅपटॉप आई-वडिलांकडे, अशी स्थिती आहे. त्यावर आयकराचे विवरणपत्र भरले जाते, मुदत ठेवींचा हिशेब असतो, नातवंडांचे फोटो असतात. अशा यंत्राची वॉरंटी बहुधा एकाच वर्षाची असते आणि बिघाड नेमका त्यानंतर निघतो.

पहिले काम म्हणजे वॉरंटी खरोखर संपली आहे का, हे पाहणे. लॅपटॉपच्या पाठीवर सिरियल नंबर असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की मुदत दिसते. ही तारीख कधी कधी माल कंपनीतून निघाल्याची धरलेली असते, आपण दुकानातून घेतल्याची नव्हे. बिल दाखवून ती दुरुस्त करून घेता येते, आणि दोन-तीन महिन्यांचा फरक पडला तर सगळा खर्च वाचू शकतो. यंत्राची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची बऱ्याचदा एकच वर्षाची असते, हेही ध्यानात ठेवावे.

दुकानात नेण्याआधी घरी थोडे तपासावे. चार्जर दुसऱ्या सॉकेटला लावून पाहावा. लॅपटॉप सुरूच होत नसेल तर चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, मग चार्जर लावून सुरू करावा. एवढ्याने अनेक ‘मेलेले’ लॅपटॉप उठतात. पडदा काळा असेल तर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडावा. टीव्हीवर चित्र आले तर दोष पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे, मदरबोर्ड बदलण्याचे कारण नाही. पंखा घरघरत असेल आणि यंत्र तापत असेल तर आत धूळ साचलेली असते. आपल्या गावात पॉवरलूमच्या वस्तीत सुताचा बारीक तंतू हवेत असतोच, तेव्हा सफाईनेच काम भागण्याचा संभव जास्त. मात्र टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. चार्जिंग ताबडतोब बंद करावे, ती दाबू नये, टोचू नये आणि कचरागाडीत टाकू नये.

यंत्रापेक्षा आतली माहिती महाग असते. मदरबोर्ड गेला तरी डिस्क बहुधा शाबूत राहते, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते. पण नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असते आणि ती उघडायला 48 आकडी रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. आज यंत्र चालू असतानाच ती कागदावर उतरवून कपाटात ठेवावी. दुकानदाराला बँकेचे पासवर्ड साठवलेले यंत्र जसेच्या तसे देऊ नये. सुरू होत असेल तर ते काढून मगच द्यावे. बंदच असेल तर दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलून घ्यावेत.

अधिकृत केंद्र गावात नसेल तर खंडवा, भुसावळ, जळगाव नाहीतर इंदूर. यंत्र कोठेही द्या, जॉबशीट घ्या. त्यावर सिरियल नंबर, बिघाडाचे वर्णन, अंदाजे खर्च आणि तपासणी शुल्क लिहिलेले असावे. बदललेला जुना भाग परत मागावा. बिल जीएसटीचे घ्यावे. अठरा टक्के वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर काम केले तर नंतर भांडायला आधार राहत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले आहे. त्यात सामील कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती आणि सेवा केंद्रे पाहता येतात.

दुरुस्ती परवडते का, याला बँकेतला एक हिशेब उपयोगी पडतो. आयकरात संगणकावर दरसाल 40 टक्के घसारा धरतात. म्हणजे 50,000 रुपयांचा लॅपटॉप तीन वर्षांनी कागदोपत्री 10,800 रुपयांचा उरतो. त्यावर मदरबोर्डसाठी 18,000 खर्च करणे मला पटत नाही. बॅटरी, कीबोर्ड किंवा एसएसडी बदलणे मात्र बहुधा फायद्याचे ठरते.

‘वॉरंटी संपली’ म्हणजे सगळे हक्क संपले, असे नाही. दोष मुदतीत असतानाच तुम्ही कळवला होता आणि केंद्राने नुसती टोलवाटोलवी केली, किंवा पैसे देऊन केलेली दुरुस्ती चुकीची निघाली, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 लागू होतो. आधी कंपनीला लेखी ईमेल करावा. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तेथे मराठीतही बोलता येते. तरीही भागले नाही तर जिल्हा आयोग. मध्य प्रदेशात त्याला ‘उपभोक्ता आयोग’ म्हणतात, म्हणून पाटीवर ‘ग्राहक’ शब्द शोधत बसू नये. तुम्ही जेथे राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी बेंगळुरूची असली तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

तक्रारीला बिल, जॉबशीट आणि ईमेलच्या प्रती जोडाव्यात. दुकानातील बिले हल्ली थर्मल कागदावर असतात आणि वर्षभरात पांढरी पडतात, तेव्हा खरेदीच्याच दिवशी झेरॉक्स काढून घ्यावी.