काचेवरच्या रेघा

महिला दिन जवळ आला की बिभा चौधुरींचा कृष्णधवल फोटो फिरू लागतो. खाली ओळ असते : हिचं नोबेल इंग्रजांनी पळवलं. अशी पोस्ट शेअर करायला सोपी. पण प्रत्यक्षात घडलं ते यापेक्षा गुंतागुंतीचं आहे आणि मला तरी ते जास्त चटका लावतं.

आधी मूळ प्रश्न बघू. अणूच्या केंद्रकात प्रोटॉन दाटीवाटीनं बसलेले असतात. सगळे धनभारित, म्हणजे एकमेकांना दूर ढकलणारे. मग केंद्रक फुटत का नाही? जपानच्या हिदेकी युकावांनी १९३५ साली उत्तर सुचवलं : प्रोटॉन-न्यूट्रॉन एका मधल्याच कणाची सतत देवाणघेवाण करत असणार आणि त्यातून त्यांना बांधून ठेवणारं बल तयार होत असणार. हा कण इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट जड असावा, असा त्यांचा हिशेब. दोनेक वर्षांतच अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमध्ये साधारण तेवढ्याच वजनाचा कण सापडला. बहुतेकांना वाटलं, हाच तो.

कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये देबेंद्र मोहन बोस आणि बिभा चौधुरी याच कणाच्या मागे लागले. बिभा १९३६ साली कलकत्ता विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या, वर्गात त्या एकट्याच मुलगी. दोघांची पद्धत स्वस्त होती आणि चिकाटीची. फोटोग्राफीच्या काचेच्या प्लेटा घ्यायच्या, दार्जिलिंग, सँडकफू, तिबेटमधलं फारी जोंग अशा उंच ठिकाणी नेऊन महिनोन्महिने ठेवायच्या. वर हवा विरळ, त्यामुळे किरण जास्त. विद्युतभारित कण प्लेटवरच्या चांदीच्या क्षाराच्या थरातून गेला की प्लेट धुतल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ठिपक्यांची रेघ दिसते. ठिपके किती दाट, रेघ किती वाकडी, यावरून कणाचं वस्तुमान काढायचं. तेही डोळ्यांनी, एकेक रेघ मोजत.

उत्तर आलं, इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट. १९४० ते १९४२ या काळात 'नेचर'मध्ये त्यांचे लेख छापून आले.

अडचण प्लेटांची होती. त्यांच्याकडच्या इल्फर्ड कंपनीच्या 'हाफ-टोन' प्लेटांवर रेघा पुरेशा स्पष्ट उमटत नव्हत्या. चांगल्या प्लेटा इंग्लंडहून यायच्या, आणि तेव्हा महायुद्ध सुरू होतं. त्या आल्याच नाहीत. काम तिथेच थांबलं. १९४५ साली बिभा मँचेस्टरला ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत गेल्या, पण वेगळ्या विषयावर.

युद्धानंतर इल्फर्डनं चांदीचा क्षार कितीतरी जास्त असलेल्या नव्या प्लेटा बनवल्या. ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल, ज्युझेप्पे ओकियालिनी आणि सीझर लात्तेस यांनी त्या पिरनीज आणि अँडीज पर्वतांत ठेवल्या. १९४७ साली त्यांना दिसलं की एक रेघ संपते आणि त्याच बिंदूतून दुसरी निघते. म्हणजे कण एक नव्हे, दोन! पहिला, सुमारे २७३ पट जड, तो पायॉन. युकावांचा खरा कण. सेकंदाच्या साधारण चार कोटीव्या भागात तो विरतो आणि त्यातून म्यूऑन निघतो. आधी 'हाच तो' म्हणून गाजलेला कण म्हणजे हा म्यूऑन.

आता हे वाचताना फोन आडवा धरलात, तर दर मिनिटाला त्यातून शंभराच्या आसपास म्यूऑन आरपार जातात. त्यातले बहुतेक वरच्या हवेत पायॉन विरून झालेले.

१९५० सालचं नोबेल एकट्या पॉवेलना मिळालं. लात्तेसनाही नाही. कोलकात्याच्या प्लेटांवर हे दोन कण वेगळे ओळखता आले नव्हते, म्हणून 'पळवलं' हा शब्द मला पटत नाही. पॉवेल यांनी १९५९च्या आपल्या ग्रंथात बोस-चौधुरींच्या कामाची नोंदही केली. पण पद्धत बरोबर होती, डोंगर बरोबर होते, आणि सगळं पाच-सहा वर्षं आधी. कमी पडली ती फक्त प्लेट, आणि ती पारतंत्र्यातल्या प्रयोगशाळेला स्वतः बनवता येत नव्हती.

बिभा १९४९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या, तिथल्या पहिल्या स्त्री संशोधक म्हणून. पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर पोचणाऱ्या म्यूऑनांवरही त्यांनी काम केलं. १९९१ साली त्या गेल्या. २०१९ साली एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव मिळालं. तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, दुर्बीण लागते.