पद्मिनीचे चार थर

२९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईच्या ताडदेव आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली. टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षं. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेलीच. माझे मामू हीच गाडी चालवत. स्टिअरिंगजवळचा गिअर, बाहेर डाव्या हाताला बसवलेला मीटर, टपावरचं कॅरिअर, सगळं डोळ्यांसमोर आहे.

शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलांना म्हटलं, या गाडीचं स्टेन्सिल करू. फोटोचे रंगांप्रमाणे चार भाग पाडले. जुन्या एक्सरे फिल्मवर प्रत्येकाचं वेगळं स्टेन्सिल कापलं. चारही फिल्म एकावर एक नेमक्या बसाव्यात म्हणून कोपऱ्यांत खुणेची भोकं ठेवली. आधी राखाडी रंगात पूर्ण आकार, मग पिवळा टप, मग काळं अंग, शेवटी बंपर आणि दिव्यांवरची पांढरी चमक. रंगाचा डबा वीतभर लांब धरायचा आणि हात फिरता ठेवायचा. घाई केली की ओघळ आलाच.

खाली नाव टाकायची वेळ आली तेव्हा आठवीतला एक मुलगा थांबला. "सर, नाव नको. ती राणी आपल्याविरुद्धची ना?" मोबाइलवरची भांडणं पाहून त्याने ते ठरवलं होतं.

मी म्हणालो, नावाचेही थर बघ. गाडी मुळात इटलीची फियाट ११००. ती इथे बनवली प्रीमियर ऑटोमोबाइल्सने. ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढली. १९६४ पासून ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. आता या राणीवरचं सर्वांत गाजलेलं महाकाव्य कोणाचं? 'पद्मावत', १५४० चं. ते लिहिलं मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीने, अवधीत. त्याची अनेक जुनी हस्तलिखितं फारसी लिपीत आहेत. जायसींच्या काव्यात अलाउद्दीन चितोड जिंकतो, पण हाती येते फक्त राख. ही कथा आपल्याविरुद्धची असती, तर आपल्याच एका सूफीने ती इतक्या मायेने का लिहिली असती?

मुलगा काही बोलला नाही. कटर घेऊन बसला. उर्दूतलं नाव सहज कापलं गेलं, नुक्ते म्हणजे नुसती भोकं. मराठीतल्या 'प'च्या पोटातला तुकडा मात्र सुटून पडला. स्टेन्सिलमध्ये असा तुकडा धरून ठेवायला बारीक पट्टी सोडावी लागते. आम्ही तिला पूल म्हणतो. त्याने दुसरी फिल्म घेतली, पूल सोडला आणि पुन्हा कापलं.

चित्र आता शाळेच्या जिन्यात आहे. मामू येऊन पाहून गेले. म्हणाले, "मीटर बरोबर जागेवर लावलाय."