छायाचित्रांचे कागदी प्रूफ

लग्न वा मुंज पार पडली की छायाचित्रकार आता बहुधा पेनड्राइव्ह किंवा ऑनलाइन दुवा हाती देतो. त्यातील शेकडो छायाचित्रांतून अल्बमसाठी निवड करणे घरातील वडीलधाऱ्यांना मोबाइलच्या पडद्यावर जड जाते आणि अल्बम महिनोन्‌महिने रखडतो. अशा घरांसाठी कागदी प्रूफ अजूनही उपयोगी ठरते.

फिल्मच्या काळात ३५ मिलिमीटर फिल्मच्या ३६ चौकटी पट्ट्या करून ८ बाय १० इंची कागदावर थेट छापल्या जात. या काँटॅक्ट शीटवर भिंगातून पाहून खुणा करीत. आज हेच काम संगणकावर होते. ए-४ कागदावर वीस छायाचित्रे सहज मावतात. मात्र समूहचित्रांतील चेहरे त्यात ओळखू येत नाहीत, म्हणून ती पानावर सहाच घ्यावीत. प्रत्येकाखाली मूळ फाइलचा क्रमांक हवाच. प्रूफ छापल्यानंतर फाइलींना नवे क्रमांक दिले, तर सारी निवड फुकट जाते.

सुट्या प्रती हव्या असल्यास ४ बाय ६ इंचांसाठी १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने आलेले छायाचित्र आकुंचित झालेले असते. छपाईसाठी मूळ फाइलच घ्यावी.

पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद तो परावर्तित करतो. त्यामुळे छापील प्रत काळपट भासते. ती खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात पाहावी. कार्यालयीन प्रिंटरवरचे प्रूफ केवळ निवडीसाठी असते. रंग पारखायचे तर अल्बम जेथे छापायचा त्याच लॅबमधून एक नमुना काढावा.

आकाराचा घोळ अधिक महागात पडतो. बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांची चौकट ३:२ प्रमाणात असते. ती ४ बाय ६ किंवा ८ बाय १२ मध्ये पूर्ण बसते. ८ बाय १० मध्ये लांबीचे दोन इंच कापले जातात आणि रांगेच्या टोकाला उभी असलेली आत्या अल्बमातून नाहीशी होते. म्हणून कापणीची रेघ प्रूफवरच आखलेली असावी.

प्रूफच्याच प्रती काढून घेतल्या जातील, या धास्तीने काही छायाचित्रकार त्यावर आडवे नाव छापतात. ते चेहऱ्यांवर येऊ नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम स्वत्वाधिकार, विरुद्ध करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याचा असतो. तेव्हा प्रूफ परत करायचे की ठेवायचे, हे आगाऊ रक्कम देतानाच लेखी ठरवावे.

खुणा झालेल्या पानांचा मोबाइलवर फोटो काढून छायाचित्रकाराला पाठवावा आणि मूळ पाने अल्बम हाती येईपर्यंत घरीच ठेवावीत.