शकुंतलेचं वल्कल

पुण्याहून लोकलनं लोणावळ्याकडे जाताना कामशेत गेलं की मळवली लागतं. छोटंसं स्टेशन. इथे उतरणारे बहुतेक जण लोहगड-विसापूर चढायला आलेले असतात, नाहीतर लेणी बघायला. रुळांच्या एका अंगाला कार्ल्याची लेणी, दुसऱ्या अंगाला भाज्याची. या दोन लेण्यांच्या मधल्या सपाटीवर एके काळी राजा रविवर्म्याचा छापखाना होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

रविवर्म्यानं हा छापखाना १८९४ साली मुंबईत काढला. त्यातून निघालेलं पहिलं चित्र 'शकुंतला जन्म'. पुढे मुंबईत प्लेग आला आणि १८९९ मध्ये छापखाना मळवलीला हलला. तंत्रज्ञ जर्मन होते. दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई फक्त तेलकट रेघांनाच धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एकाच कागदावर असे अनेक दगड एकापाठोपाठ उमटले की चित्र पूर्ण. हंस-दमयंती, कमळातली लक्ष्मी, वीणाधारी सरस्वती अशी चित्रं या तंत्रानं घरोघरी गेली. कित्येक घरांतल्या बायकांनी तर त्या छापील देवींच्या साड्यांवर खरी जर आणि टिकल्या शिवल्या!

पण मला आज बोलायचंय ते शकुंतलेच्या कपड्यांबद्दल.

शाकुंतल हे नाटक कपड्यांच्या बाबतीत फार जागरूक आहे. पहिल्याच अंकात शकुंतला मैत्रिणीला म्हणते की प्रियंवदेनं माझं वल्कल फार आवळून बांधलंय, जरा सैल कर. अंक संपताना ती पायाला दर्भ टोचल्याचं, वल्कल फांदीत अडकल्याचं निमित्त करून मागे रेंगाळते. चौथ्या अंकात सासरी निघालेल्या या मुलीला झाडंच रेशमी वस्त्र आणि पायांना लावायला आळता देतात. म्हणजे बघा, वल्कल ते रेशीम हा आश्रमकन्येचा राणी होण्याचा प्रवास कालिदासानं कपड्यांतूनच सांगितला आहे.

रविवर्म्यानं यातले प्रसंग पुन्हा पुन्हा रंगवले. १८७६ चं त्याचं 'शकुंतला पत्रलेखन' तर ऑक्सफर्डचे संस्कृत प्राध्यापक मोनियर-विल्यम्स यांनी आपल्या शाकुंतलाच्या इंग्रजी भाषांतरात छापलं. दुसरं प्रसिद्ध चित्र पायातला काटा काढायच्या मिषानं मागे वळून पाहणाऱ्या शकुंतलेचं. आता ते चित्र डोळ्यांपुढे आणा. फुलांचे दागिने आहेत, मैत्रिणी आहेत, रान आहे, पण झाडाच्या सालीचा मागमूस नाही! अंगावर मऊ कापडाचं वस्त्र आहे. कालिदासानं चौथ्या अंकापर्यंत राखून ठेवलेली गोष्ट चित्रकारानं आधीच देऊन टाकली.

असं का झालं असावं?

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवला गेला होता. १८२३ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये शेक्सपिअरचं 'किंग जॉन' लागलं, तेव्हा जेम्स रॉबिन्सन प्लांशे या गृहस्थानं त्याचे पोशाख तयार केले. त्यानं चर्चमधल्या थडग्यांवरचे दगडी पुतळे, जुन्या मोहोरा, हस्तलिखितं धुंडाळली आणि नटांना त्या काळाचे कपडे चढवले. त्याआधी तिथेही नट सर्रास आपल्या सोयीचे कपडे घालत. पोशाख इतिहासाला धरून हवेत ही कल्पना प्लांशेनंतर रुळली.

आपल्याकडे दगडी पुरावा नव्हता का? मळवलीच्या दोन्ही अंगांना होता की! कार्ल्याच्या चैत्याच्या दाराशी जोडपी कोरली आहेत, भाज्यालाही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं. पुरुषांच्या डोक्याला भरगच्च पागोटी, बायकांच्या कमरेला जड मेखला, पायांत जाड वाळे, कानांत मोठाली भूषणं. कमरेखाली न शिवलेलं वस्त्र आणि वर बहुतांशी नुसते दागिने. पदर नाही, चोळी नाही. ही लेणी कालिदासाच्याही आधीची हे खरं. पण त्याच्या काळाला जवळची अजिंठ्याची चित्रंही होती. त्यांच्या नकला जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सनं १८७२ पासून विद्यार्थ्यांकडून करून घेतल्या होत्या आणि १८९६-९७ मध्ये त्यांचे ग्रंथही निघाले होते.

तेव्हा प्रश्न माहितीचा नव्हता. निवडीचा होता. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी पौराणिक चित्रं काढायला घेतली तेव्हा रविवर्मा भावाला घेऊन देशभर हिंडला. सगळ्या प्रांतांना आपला वाटेल असा वेश त्याला हवा होता. त्याला तो लेण्यांत नाही, त्याच्या काळच्या बायकांच्या साडीत सापडला.

आणि रंगभूमीवर तरी काय चाललं होतं? अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात रंगमंचावर आलं. शकुंतला करणारे पुरुषच. १९०५ मध्ये मिरजेला बालगंधर्व पहिल्यांदा उभे राहिले तेही शकुंतला म्हणूनच. पुरुषाला बाई दिसायचं तर साडी, चोळी, दागिने हवेतच. शिवाय समोर घरंदाज प्रेक्षक. तिथे भाज्याचा वेश कोण चालवून घेणार? देवघरात लावायच्या तसबिरीचंही तेच. मला तर वाटतं, रंगमंचाची अडचण आणि देवघराची मर्यादा यांनी मिळून शकुंतलेला साडी नेसवली. आनंद कुमारस्वामींनी रविवर्म्याच्या चित्रांना नाटकी म्हणून नावं ठेवली. ती शिवी होती, पण निदान म्हणून अगदी खोटं नव्हतं.

मळवलीतून हा वेश आणखी एका वाटेनं पुढे गेला. धुंडिराज गोविंद फाळके नावाच्या माणसानं शेजारच्या लोणावळ्यात छपाईचा कारखाना काढला होता. रविवर्मा प्रेसची दगडावर चित्र उतरवण्याची कामं तो करत असे. पुढे हाच माणूस दादासाहेब फाळके झाला. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, म्हणजे पुन्हा साडीतला पुरुषच! तिथून पौराणिक सिनेमे, तिथून १९८७ ची दूरदर्शनवरची रामायण मालिका. आज सीता किंवा शकुंतला म्हटलं की मनात जी येते ती या वाटेनं आलेली असते.

यात मला रविवर्म्याची चूक दिसत नाही. ज्या देवांचं दर्शन अनेकांना देवळाच्या दारातूनही मिळत नव्हतं ते त्यानं थोड्या पैशांत घरी पोचवले, हे लहान काम नाही. खुपतं ते हे की ती निवड होती हेच आपण विसरलो. 'आपल्या संस्कृतीतला पोशाख' यावरून हल्ली आवाज चढतात, मुलींना सुनावलं जातं, आणि सुनावणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असते जेमतेम सव्वाशे वर्षांपूर्वीची तसबीर. तिला सनातन म्हणायचं, तर कार्ल्याच्या दारातल्या त्या हसऱ्या बायकांना काय म्हणायचं? त्याही आपल्याच ना?

छापखाना पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि १९७२ मध्ये आगीत त्याचं फार नुकसान झालं. कागद जळतो. लेण्यांतला दगड अजून तसाच आहे. पुढच्या वेळी मळवलीला उतरलात तर गडावर जायच्या घाईत भाजे चुकवू नका. पायऱ्या चढून जा, आणि घरी येऊन एकदा देवघरातल्या तसबिरीकडे नीट बघा. दोन्हींना नमस्कार करायला काहीच हरकत नाही.