दौत, टाक आणि जलरंग

चित्रकला हा ज्यांचा व्यवसाय त्यांचा इतिहास थोडाबहुत लिहिला गेला आहे. राजदरबारी मुसव्विर, पोथ्या रंगविणारे चितारी, देवळांच्या भिंतींवर दशावतार रेखाटणारे कारागीर यांची नावे नसली तरी निदान कामे तरी आपणांस ठाऊक असतात. परंतु पोटासाठी नव्हे, केवळ हौस म्हणून, फावल्या वेळी मांडीवर कागद घेऊन समोरचे झाड, वाटेवरची धर्मशाळा किंवा तळ्याकाठचे देऊळ उतरवून घेणाऱ्या माणसाकडे इतिहासकाराचे लक्ष सहसा जात नाही. अशा चित्रांत कौशल्य बेताचेच असते आणि ती विकलीही जात नाहीत. तरीसुद्धा पश्चिम हिंदुस्थानातील कित्येक देवळे, वेशी आणि लेणी दीड-दोनशे वर्षांपूर्वी कशी दिसत होती, हे पाहावयाचे झाल्यास अशाच हौशी हातांकडे वळावे लागते.

या छंदाची सामग्री अगदी थोडी. कागद, शिसपेन्सिल, टाक, दौत, एक मऊ कुंचला व चार-सहा रंगांच्या वड्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील रीत अशी होती की, प्रथम शिसपेन्सिलीने पुसट आराखडा करावयाचा, त्यावर टाकाने शाईची रेघ ओढावयाची, मग पाण्यात पातळ केलेल्या काळसर शाईने छाया भरावयाची, आणि ती वाळल्यावर वरून जलरंगाचा विरळ हात द्यावयाचा. या पद्धतीत पांढरा रंग वापरीत नसत. जेथे उजेड दाखवावयाचा तेथे कागदच कोरा सोडीत. जलरंग म्हणजे तरी काय, बारीक घोटलेले रंगद्रव्य आणि त्याला बांधून ठेवणारा डिंक. आपल्याकडे मोडीची दप्तरे ज्या शाईने लिहिली गेली तीही काजळी आणि डिंक यांचीच. ती शाई शतकानुशतके फिकी पडत नाही. उलट विलायती लोहयुक्त शाई काळाच्या ओघात तपकिरी पडते आणि कधी कधी कागदासही खाऊन टाकते. बोरू हाती धरणाऱ्या आमच्या कारकुनापाशी चित्राची निम्मी सामग्री मुळातच होती, हे येथे ध्यानात ठेवावे.

इंग्रजांकडे हा छंद पसरण्यास दोन कारणे झाली. वूलिच येथील लष्करी विद्यालयात पॉल सँडबी हा नामांकित जलरंगकार १७६८ पासून १७९६ पर्यंत चित्रकलेचा शिक्षक होता. किल्ला, नदीचा उतार, डोंगरातील घाट यांचे चित्र अधिकाऱ्यास काढता आले पाहिजे, ही त्यामागची व्यवहारी दृष्टी. दुसरे कारण रंगांच्या वडीचे. लंडनच्या रीव्ह्ज बंधूंनी पाण्यात सहज विरघळणारी वडी तयार केली व १७८१ साली त्यांस त्याबद्दल पारितोषिक मिळाले. तोवर रंग घरी खलावा लागे. आता रंगांची पेटी घोड्याच्या खोगिराला बांधून कोठेही नेता येऊ लागली.

या हौशी मंडळींत जेम्स फोर्ब्स याचा मान मोठा आहे. १७४९ साली लंडनमध्ये जन्मलेला हा मुलगा सोळा वर्षांचा असताना ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून मुंबईस निघाला. पुढे १७७५ साली राघोबादादांच्या मदतीस कर्नल कीटिंग गुजरातेत गेला तेव्हा फोर्ब्स त्याचा चिटणीस होता. नंतर भडोच, आणि १७८० पासून डभई. जेथे जाईल तेथे हा गृहस्थ पाहिलेले लिहून ठेवी आणि चित्रही काढी. पक्षी, फुले, फळे, माणसांचे पेहराव, देवळे, काहीच त्याला वर्ज्य नव्हते. त्याच्या टिपणांची पाने बावन्न हजार आणि बाडे दीडशे भरली, असे सांगतात. त्यांतून निवडून त्याने 'ओरिएंटल मेमॉयर्स' हा चार खंडांचा ग्रंथ १८१३ पासून प्रसिद्ध केला. नर्मदेच्या बेटावरील कबीरवडाचे चित्र आणि वर्णन त्यात आहे. मोठी खोडे साडेतीनशे आणि लहान तीन हजारांहून अधिक, असा त्याने हिशेब दिला आहे. शिकारीस आलेल्या एका मित्राने त्या वडाखाली वानरी मारली, तेव्हा कळपातील एक वानर तंबूच्या दारी येऊन केविलवाण्या खुणा करून तिचे प्रेत मागू लागला आणि ते मिळताच उचलून घेऊन गेला, ही हकीकतही त्याचीच. चित्र काढण्याची सवय जडलेल्या माणसालाच असे बारकाईने पाहणे जमते, असे मला वाटते.

डभई हे गाव मराठी वाचकांस परके नाही. १७३१ साली थोरल्या बाजीरावांनी त्रिंबकराव दाभाड्यांचा पराभव केला तो याच परिसरात. गावाच्या कोटाला चार वेशी आहेत आणि पूर्वेकडची हिरा भागोळ शिल्पकामासाठी प्रसिद्ध आहे. सोळंकी-वाघेला काळातील हे काम. देवदेवता, हत्ती, योद्धे यांच्या ओळीवर ओळी दगडात कोरलेल्या. वेशीलगत कालिकामातेचे देऊळ. फोर्ब्सने या वेशीची चित्रे काढली. असे काम टाकाने उतरविणे म्हणजे धीराची परीक्षाच होय. सारेच कोरीव काम उतरवू गेल्यास कागदाचे काळे कडबोळे होते. म्हणून कोणती रेघ घ्यावी व कोणती सोडावी हे क्षणोक्षणी ठरवावे लागते. त्यातून गुजरातचा उन्हाळा. कुंचला कागदभर फिरण्याच्या आत रंगाचे पाणी वाळून कडांना डाग पडावयाचे. कोकणात याच्या नेमके उलट. पावसाळ्यात एक हात वाळावयास अर्धा दिवस लागतो आणि कागदाला बुरशी येते ती वेगळीच.

सालबाईच्या तहानंतर १७८३ साली डभई मराठ्यांच्या स्वाधीन करावी लागली. निरोपाच्या वेळी गावच्या वृद्धांनी, आपणांस काय भेट द्यावी, असे फोर्ब्सला विचारले. पडक्या भागातील काही कोरीव शिळा न्यावयाची परवानगी त्याने मागितली. एका ख्रिस्ती माणसाला हिंदूंच्या मूर्ती कशासाठी हव्यात, याचे त्यांना नवल वाटले. तथापि त्यांनी संमती दिली. त्या शिळा जहाजात चढल्या आणि लंडननजीक स्टॅनमोर येथे आपल्या बागेत अष्टकोनी घुमटी उभारून फोर्ब्सने त्या तेथे बसविल्या.

फोर्ब्स लुटारू नव्हता. त्याने मागून नेले आणि आपल्या समजुतीप्रमाणे आदराने ठेवले. तरीही एकाच माणसाच्या हातून घडलेली ही दोन कृत्ये शेजारी ठेवून पाहावी. चित्र काढले तेव्हा वेशीचा कणही हलला नाही, आणि ती वेस जगभरच्या वाचकांस दिसली. शिळा नेल्या तेव्हा वेस तेवढी उणी झाली, आणि बागेतील त्या मूर्तींना ना नैवेद्य ना नमस्कार. देवळाच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला यांतील कोणते कृत्य रुचेल हे सांगावयास नको. पण त्या शिळा आपल्याच वडीलधाऱ्यांनी हसतमुखाने दिल्या होत्या, हेही विसरून चालणार नाही.

त्यानंतर दहा वर्षांच्या आतबाहेर पुण्यात एक निराळाच प्रसंग जुळून आला. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट हा १७८६ पासून पेशव्यांच्या दरबारी होता. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चितारी १७९१ साली मुंबईस व पुढल्या वर्षी पुण्यास आला. सवाई माधवराव, नाना फडणवीस व महादजी शिंदे यांची त्याने काढलेली चित्रे सर्वश्रुत आहेत. शनिवारवाड्यात पेशव्यांच्या संमतीने चित्रशाळा निघाली ती याच सुमारास. या मंडळींत गंगाराम चिंतामण तांबट हा मराठी कलावंत होता. त्याला वेतन मिळे, म्हणून त्यास हौशी म्हणता येत नाही. परंतु मॅलेटची हौस गंगारामाच्या हाताने पुरी झाली, असे म्हणावयास हरकत नाही. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तेथील गेंड्याचे त्याने १७९० च्या नोव्हेंबरात काढलेले चित्र आजही पाहावयास मिळते. वेरूळच्या लेण्यांची त्याची रेखाटने मॅलेटच्या लेखासोबत 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात १७९९ साली छापली गेली. लेण्यांची चित्रे काढण्याच्या कामातच वेल्स आजारी पडून १७९५ साली वारला. त्याच्या चित्रांवरून टॉमस डॅनियलने १८०३ साली वेरूळची चोवीस चित्रे लंडनमध्ये प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाने वेल्स आणि डॅनियल यांची नावे सर्वतोमुखी केली. लेण्यांच्या अंधारात त्यांच्याआधी टाक चालविणाऱ्या तांबटाला मात्र पुष्कळ काळ कोणी विचारले नाही. त्याचे काम आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

आता गोमंतकाकडे वळू. आंतोनियो लोपिश मेंदिश हा कृषिशास्त्र व पशुवैद्यक शिकलेला पोर्तुगीज १८६२ साली गोव्यास आला आणि सुमारे नऊ वर्षे तेथे राहिला. सरकारी कामानिमित्त त्याची सर्व महालांत भटकंती झाली आणि जाईल तेथे त्याने चित्रे काढली. 'आ इंदिया पुर्तुगेझा' हा त्याचा दोन खंडांचा ग्रंथ १८८६ साली लिस्बन येथे निघाला. गावे, किल्ले, जातिजमातींचे पेहराव यांच्याबरोबर हिंदूंची देवालयेही त्यात आहेत. त्या वेळी छायाचित्रणाची कला अस्तित्वात होती, मग हाताने रेखाटण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर छापखान्यात आहे. मजकुराच्या खिळ्यांबरोबर छायाचित्र छापण्याची सोय तेव्हा सर्रास झालेली नव्हती. लाकडाच्या ठोकळ्यावर कोरणाऱ्यास स्पष्ट रेघ लागे, आणि ती टाकाच्या चित्रातून आयती मिळे. अर्थात कोरणाऱ्याने देऊळ पाहिलेले नसे. म्हणून छापील चित्रातील बारीकसारीक तपशिलावर विसंबताना थोडे जपून असावे.

आमच्या देवळांच्या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट घडून आली आहे. ज्यांना चित्र काढण्याचा छंद होता त्या परधर्मीयांना गर्भगृहात प्रवेश नव्हता. त्यांनी दीपस्तंभ, तळी, अग्रशाळा, घुमट बाहेरून रेखाटले. ज्यांना आत प्रवेश होता त्या महाजनांना, पुजाऱ्यांना, कुळाव्यांना समोर नित्य असलेली वस्तू कागदावर उतरवावी असे कधी वाटलेच नाही. आतली कोरीव चौकट, लाकडी खांबांवरचे नक्षीकाम, जुना देव्हारा यांची नोंद आमच्या जमाखर्चाच्या वह्यांत वस्तूच्या नावाने व किमतीने सापडेल. आकार मात्र सापडणार नाही. तीच गत काव्याची. तांबडी काव आणि चुना यांच्या गिलाव्यात कोरून काढलेली ती वेलबुट्टी मोरजीच्या मोरजाईच्या देवळात अजून पाहावयास मिळते. इतरत्र ती तैलरंगाखाली वा गुळगुळीत फरशीखाली किती गेली याची मोजदाद नाही. जीर्णोद्धार करू नये असे येथे सुचवावयाचे नाही. कौले गळू लागली, वासे कुजले, तर देवास नवे घर बांधावयासच हवे. पण वासे उतरविण्याच्या आदल्या दिवशी गावातला एखादा पोरगा वही घेऊन बसला असता तर कोणाचे काय बिघडले असते? काव्याची एक पट्टी उतरवावयास टाक, शाई आणि गेरूचा एक हात पुरतो. एका दुपारचे काम.

लोटलीच्या मारिओ मिरांदाने (१९२६–२०११) तरुणपणी रोजनिशी शब्दांऐवजी चित्रांत लिहिली. लग्ने, फेस्त, बाजार, गावचे भाट, सारे त्यात आले, कारण ते त्याचे स्वतःचे होते. देवळांच्या आवारात वाढलेल्या एखाद्याने अशी रोजनिशी ठेवली असती, तर रथोत्सव, पालखी, सभामंडपातील मंडळी यांचे आतून पाहिलेले दर्शन आज आपल्या हाती असते. ती जागा रिकामी राहिली आहे.

श्रीमंगेश कुठ्ठाळीहून १५६० साली प्रियोळास आले. अठराव्या शतकात मराठ्यांच्या आश्रयाने देवालयास वैभव चढले. लोपिश मेंदिशचा ग्रंथ निघाल्यावर चारच वर्षांनी, १८९० साली, तेथे पुन्हा मोठे नूतनीकरण झाले, आणि १९७३ साली घुमटावर सुवर्णकलश चढला. १८९० पूर्वीच्या त्या मंडपात बसून आरती ऐकलेला माणूस आज हयात नाही.